दादा होणार, पण उभा राहणार नाही

हुबळीच्या उणकल तळ्याकाठी संध्याकाळी गेलात, तर एखादं तरी असं कुटुंब दिसेलच. पायघोळ गाऊन सावरणारी सातव्या महिन्यातली आई, तिच्या पोटावर हात ठेवून कृतकृत्य झालेले बाबा आणि गळ्यात ‘मी दादा होणार!’ अशी पाटी अडकवलेले अडीच वर्षांचे चिरंजीव. वाचता येत नसल्यामुळे या बढतीची त्यांना गंधवार्ता नसते. त्या पाटीने ते शेजारच्याचं चुरमुऱ्यांचं गिरमिट ढवळत असतात. ‘इल्ली नोडो, पुट्टा!’ (इकडे बघ रे, बाळा!) म्हणत फोटोग्राफर मातीत आडवा होतो. पुट्टा कॅमेरा सोडून सगळीकडे बघतो. चौकटीत स्थिर उभे असतात ते फक्त तळ्यातल्या पुतळ्यातले विवेकानंद.

पूर्वी डोहाळजेवणाला फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, स्टुडिओत एक फोटो, की काम संपलं. वाटीखाली पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. धारवाडात, पेढ्याच्याच गावात, बर्फीची बाजू कोण घेणार म्हणा! आता परदेशी व्हिडिओ पाहून मुलगा की मुलगी हे जाहीर करणारा निळा-गुलाबी धूर उडवायची हौस येते. तिला १९९४चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आडवा येतो, तेच बरं.

फोटोग्राफरांनो, पोराला पोज देऊ नका, काम द्या. आईच्या पोटाला कान लावून ‘आत कोण आहे?’ एवढं विचारायला सांगा आणि बटण दाबत राहा. गाऊन मळेल, पाटी हरवेल; पण अल्बममध्ये मनापासून हसणारा तो एकटाच असेल.