चार आण्याची कोंबडी आणि शॉकअपचं तेल

ती. आई-बाबांस,


इकडे नॉर्थ व्हँकुव्हरला सर्व क्षेम. घरात मात्र दोन तट पडले आहेत. वाद एवढाच, की जुन्या माउंटन बाइकचा पुढचा शॉकअप सर्व्हिस करावा की सायकलच काढून टाकावी. बाबा, इथे त्याला फोर्क म्हणतात. स्प्लेंडरचा पुढचा शॉकअप डोळ्यांसमोर आणा, कारण आत तेच सगळं असतं: एकमेकींत सरकणाऱ्या नळ्या, तेल आणि ऑइल सील. फक्त लोखंडी स्प्रिंगच्या जागी दाबून भरलेली हवा. सूनबाईंचा निकाल लागलेला आहे: चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. माझं म्हणणं, कोंबडीचा भाव काढायलाच त्या चुकल्या.

विकायला गेलं तर सायकलीचे चार आणेच येतील, हे कबूल. पण प्रश्न विकण्याचा नाही, तिच्या जागी दुसरं आणायला काय पडेल याचा आहे. तुम्ही म्हणाल, मग नवा फोर्क टाक. तर तो बसत नाही! जुन्या सायकलीची चाकं २६ इंची. आजचे चांगले फोर्क बहुतेक २९ किंवा साडेसत्तावीस इंचांसाठी बनतात. जुन्या फोर्कची मानेतली दांडी वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाच्या आतली, नव्याची खाली दीड इंचापर्यंत फुगलेली. जुना आस ९ मिलिमीटरचा, नवा १५ चा, म्हणजे हबही बदला. शेवटी फोर्कसाठी अख्खी सायकल घ्यावी लागते, आणि मग बारा आण्यांचा मसाला स्वस्त वाटू लागतो.

शिवाय मसाला तरी किती? रॉकशॉक्स कंपनीच्या बहुतेक फोर्कांचे खालचे पाय दर ५० तासांनी उघडून पुसायचे असतात. दर रविवारी दोन तास धरले तर वर्षातून दोनदा. प्रत्येक पायात तेल जातं साधारण फोडणीच्या एका पळीइतकं. खरा खर्च मजुरीचा, आणि एवढं काम घरी जमण्याजोगं आहे: हवा सोडायची, तळाचे बोल्ट सैल करून हलकेच ठोकायचे, पाय ओढून काढायचे, पुसायचे, नवी सीलं बसवायची आणि स्पंजाच्या चकत्या तेलात भिजवून घालायच्या.

“चालवतच नाही, तर सर्व्हिस कशाला?” हा सूनबाईंचा दुसरा मुद्दा. पण सायकल चालवली नाही तरी रबर कडक होतंच. मग कधी चालवायला काढली आणि अशा सीलांमधून इथल्या हिवाळी पावसाचं पाणी आणि जवळच्या माउंट फ्रॉम डोंगराच्या वाटांवरची रेती आत गेली, की नळ्यांवरचा कठीण लेप घासला जातो. लेप गेला की कितीही नवी सीलं बसवा, तेल गळणारच.

इथे मात्र सूनबाईंना अर्धा विजय द्यावा लागतो. नळीवर नख फिरवून पाहताना ते ओरखड्यात अडकलं, तर एक डॉलरही घालू नये. आतल्या डॅम्परचे, म्हणजे उसळी आवरणाऱ्या यंत्रणेचे, भाग बाजारात मिळेनासे झाले असतील, तरीही तेच. म्हणून नळ्या आधी पाहायच्या, सीलं मग मागवायची. उघडल्यावर तेल दुधासारखं निघालं तर पाणी शिरलंय असं समजायचं. काळं असेल तर नुसताच आळस.

आईला सांगा, तेल गोळा करायला तिने दिलेली स्टीलची वाटी घेणार नाही. सूनबाईंनी तसं लेखी मागून घेतलं आहे.

आपला आज्ञाधारक (तूर्तास सूनबाईंचाही)