वाघाची तारीख

खानदेशात दर तालुक्याला एक तरी 'कलाकार सर' सापडतो. मुक्ताईनगरचे आमचे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतात, महिन्यातले मोजके दिवस जळगाव आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक असतात आणि उरलेल्या वेळात, म्हणजे पोषण आहाराच्या नोंदी, मतदार याद्या आणि दळणाचा डबा यांतून काही उरलंच तर, सिनेमे काढतात. पगार पहिल्या कामाचा, खर्च तिसऱ्या कामाचा. दुसऱ्याचं मानधन भुसावळच्या एसटी स्टँडवर चहातच संपतं.

सरांना आवाज दोन. वर्गातल्या आवाजानं खिडकीवरची कबुतरं उडतात. स्टुडिओत लाल दिवा लागला की त्याच गळ्यातून साजूक तूप ओघळतं. सावदा, फैजपूर, अंतुर्लीच्या श्रोत्यांची नावं ते अशा मायेनं घेतात, की गाणं नाही लागलं तरी चालेल असं वाटावं. पंचाईत सोमवारी होते. घशातलं तूप उतरलेलं नसतं आणि हजेरी घ्यायची असते. "आणि आता, शेवटच्या बाकावरून अखंड बोलणाऱ्या आपल्या दोन मित्रांच्या खास आग्रहास्तव, ऐकू या सतराचा पाढा!" पोरं टाळ्या वाजवतात. पाढा मात्र सरांनाच म्हणावा लागतो.

सिनेमाचं वेड मालेगावचं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. सायकलवर कॅमेरा धरून पळती दृश्यं, बैलगाडीची क्रेन, असला त्यांचा संसार. पुढं त्याच माणसांवर मुंबईकरांनी हिंदी सिनेमा काढला, 2025 मध्ये तो थेटरात लागला आणि सरांना रात्रभर झोप आली नाही. "पाह्य भो, त्यायनं काढला तं मले काय धाड भरली?" असं ते त्या दिवसापासून भेटेल त्याला विचारतात. भेटेल तो त्यांच्या पुढच्या सिनेमात असतो.

सरांच्या निर्मितीचे काही नियम आहेत. शूटिंग फक्त हिवाळ्यात. याचं कारण उजेड नव्हे, वांगी. कलाकारांचं मानधन भरीत-पुरी, आणि भरिताची खरी वांगी हिवाळ्यातच. ड्रोन लग्नाच्या फोटोग्राफरचा, त्यामुळं दाट मुहूर्ताच्या दिवशी आकाशातून एकही दृश्य नाही. पळती दृश्यं केळीच्या वेफर्सच्या हातगाडीवरून. प्रत्येक सिनेमात प्रेयसी "मी जाते" म्हणाली की सुरत-नागपूर महामार्गावरचा ट्रक हॉर्न देतो. सर त्याला पार्श्वसंगीत म्हणतात. केळीच्या बागेत भरदुपारीही अंधार, म्हणून सगळ्या खुनांच्या वेळा दुपारच्या सुट्टीतल्या.

पण खरं स्वप्न वेगळं. गाव मुक्ताईचं, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव तालुक्यातच. तेव्हा चांगदेव-मुक्ताईवर बारा मिनिटांचा सिनेमा हवाच. चांगदेव चौदाशे वर्षांचे, ती भूमिका निवृत्त मुख्याध्यापकांनी मेकअपशिवाय स्वीकारली. चालणाऱ्या भिंतीचीही अडचण नव्हती. शाळेच्या आवाराची भिंत दर पावसाळ्यात थोडी सरकतेच. ज्ञानेश्वरांना धाडायचं कोरं पत्र म्हणून सरांनी स्वतःची पटकथा दिली. अडलं ते चांगदेवांच्या वाहनावर, म्हणजे वाघावर. गंमत म्हणजे वाघ तालुक्यातच आहे, वढोद्याच्या जंगलात. वन खात्याला विचारण्याचं धाडस सरांना झालं नाही. वाघाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. "मोठा आर्टिस्ट आहे, तारीख देत नाही," एवढंच ते म्हणाले.

शेवटी वाघ चौकटीबाहेर ठेवला आणि फक्त डरकाळी घेतली. डरकाळी सरांचीच. नेमकी रविवारी रेकॉर्ड केलेली, आकाशवाणीची ड्यूटी आटोपून आल्यावर. त्यामुळं सिनेमातला वाघ झुडपाआडून अत्यंत अदबशीर गुरगुरतो. पुढं "नमस्कार श्रोतेहो" म्हणेल असं वाटून आपण वाट बघतो.

चार महोत्सवांनी सिनेमा साभार परत केला. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांचे खरे परीक्षक सातवी 'ब'. शाळेच्या प्रोजेक्टरवर सिनेमा दाखवला. दिवे लागले. दुसऱ्या बाकावरची एक चिमुरडी उभी राहिली.

"सर, चांगदेवाच्या एकाच पायात चप्पल हाये."

"ते मायेचं प्रतीक आहे. एक पाय संसारात, एक परमार्थात."

"मंग मधात ती उजव्या पायात कशी गेली?"

वर्ग चिडीचूप. निवृत्त मुख्याध्यापकांनी खाली वाकून आपले पाय पाहिले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते दृश्य तीनदा मागं नेऊन बघितलं. चप्पल खरोखर उजवीकडं होती.

पुढच्या रविवारी सगळी मंडळी पुन्हा संगमावर. हातगाडी लागली, महामार्ग दूर होता, उजेड बरा होता. पोरगी वही-पेन्सिल घेऊन मुख्याध्यापकांच्या पायांशी उकिडवी बसलेली. सरांनी तोंडापाशी कर्णा धरला आणि रेडिओच्या आवाजात विचारलं, "बाई, सुरू करायचं का?"

"थांबा," ती वर न बघता म्हणाली. "घड्याळ काढा म्हना त्यायले."