शिळा पाऊस

शहापूरच्या चहाटपरीवर जुलै महिन्यात "पाणी येते का जी?" असं कुणी विचारलं, तर आभाळाकडे बघण्याची चाल आता राहिली नाही. खिशातून मोबाइल निघतो. पहिल्याच पडद्यावर हवामानाचं विजेट: पिवळाधमक सूर्य, ३४ अंश. डोक्यावरच्या टिनावर मात्र तडतड सुरू झालेली असते. दोन-चार सेकंदांत सूर्य पुसला जातो नि ढग येतो. विजेटला पाऊस कळला, पण आपण भिजल्यावर.

शिव्या नेटवर्क खातं. या एका गुन्ह्यात तरी ते बहुधा निर्दोष आहे. फोन झोपलेला असतो. २०१५ साली अँड्रॉइड ६ सोबत 'डोझ' आलं. फोन चार्जरवर नाही, पडदा बंद, हालचाल नाही, असं दिसलं की अ‍ॅपांची मागची कामं रोखायची, अधूनमधून थोडा वेळ सोडायची, आणि हा अधूनमधूनही लांबवत न्यायचा. पुढच्या आवृत्तीपासून खिशात हलणारा फोनही थोडाफार याच नियमात आला. पडदा उघडला की तुंबलेली कामं सुटतात. म्हणून सूर्य आधी, ढग नंतर.

अँड्रॉइडमध्ये विजेटला ठरल्या वेळी ताजं करायची जी साधी सोय आहे, ती अर्ध्या तासातून एकदाच. डेव्हलपरने पाच मिनिटं लिहिली तरी सिस्टिम अर्धा तासच वाचते. मागची कामं लावून देणारा वर्कमॅनेजर वापरला तर पंधरा मिनिटं, तीही किमान. उशिराची हमी, वेळेची नाही. आयफोनवर तर सरळ रेशन: वारंवार बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण ४० ते ७० वेळा. जो कमी बघेल, त्याला कमी. त्यावर काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायची म्हणून अ‍ॅपचाच गळा दाबतात. मग अ‍ॅपला जागं राहू देणारी 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी कुठल्या मेनूत दडलीय ते शोधण्यात वाचलेली बॅटरी संपते.

पण खरी गंमत मागणाऱ्यांची आहे. दर मिनिटाला ताजं हवं म्हणे! कशाचं? मेघदूत अ‍ॅपवरचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. बुधवारी दर पंधरा मिनिटांनी विचारा, मंगळवारचंच उत्तर मिळेल. वैनगंगेच्या पुराचंही तसंच. ऑगस्ट २०२० च्या पुरात मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सुटलेलं पाणी भंडाऱ्यात शिरलं, पण धरण ते गाव या वाटेत बराच वेळ जातो. तिथे अर्ध्या तासाचं विजेट पुरून उरतं.

आभाळातली वीज मात्र अर्धा तास थांबत नाही. बांधीत वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी धुऱ्यावर. तिचं विजेट कितीही ताजं असो, बघणार कोण? तिला चौकोन नको, आवाज हवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेचा इशारा देतं, ते याच कामासाठी. ज्याच्याकडे बातमी आहे त्यानेच हाक मारावी. सर्व्हरकडून तातडीचा म्हणून निघालेला संदेश डोझमधूनही फोनला उठवू शकतो. अ‍ॅपने दर मिनिटाला जाऊन "काही आलं का?" विचारायचं, हा बॅटरी खाण्याचा धंदा आहे.

पडद्यावरचं घड्याळ मात्र कधी मागे पडत नाही. कारण ते अ‍ॅपला उठवतच नाही. होम स्क्रीन ते स्वतः चालवते. तशीच सेकंद मोजत राहणारी क्रोनोमीटरची सोयही अँड्रॉइडच्या विजेटला आहे, जवळपास फुकट. म्हणजे 'ही माहिती किती वेळापूर्वीची' हे दाखवायला कुठलीच अडचण नाही. तरी बहुतेकांच्या विजेटवर ती वेळ एक तर नसते, किंवा भिंग लावून वाचावी एवढी असते. तर विजेटवाल्यांनो, ताजं ठेवणं तुमच्या हातात नाही, मान्य. शिळं किती आहे तेवढं सांगा, आणि तो आकडा तापमानापेक्षा मोठा छापा.