चुकण्याचं अनुदान

सरकारी अनुदानातून शाळेत आलेली कोणतीही वस्तू आधी डेडस्टॉक रजिस्टरात उतरते आणि मग, नशीब असेल तर, मुलांच्या हाती लागते. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत व्यवसाय शिक्षणाच्या तासासाठी आलेला व्हीआर हेडसेट असाच पाण्याचा पिंप आणि सतरंज्या यांच्या मधल्या ओळीत जाऊन बसला. त्याच्या पट्ट्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबरही पडला. डोळ्यांवर चढवल्यावर समोरचं काहीच दिसेनासं होतं, हा त्याचा मुख्य गुण. नववीतला एक पोरगा तो घालून हवेत वेल्डिंगचा टाका मारत असतो आणि बाकावर आपटू नये म्हणून सरांनी त्याची कॉलर मागून धरलेली असते. "काय दिसतंय रे?" "ठिणग्या, सर!" रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये त्याच वेळी कुणाच्या तरी वाड्याचं फाटक जोडलं जात असतं. सरकारी ठिणग्या पाहायला वर्गात रांग लागते, आणि फुकटच्या ठिणग्यांकडे पाहिलं की मिस्त्री ओरडतो, "डोळे जातील, पोरा!"

एवढ्यावर हसून मोकळं होता येईल. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे शिकायला जावं, असं 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणच सांगतं. मग हा डोळ्यांवरचा खोका कशाला? पण मिस्त्रीच्या शेडमध्ये नवा पोरगा आधी झाडू मारतो, मग चहा आणतो, मग फाटक धरून उभा राहतो. रॉड त्याच्या हाती लवकर येत नाही, कारण शिकाऊ हातानं रॉड चिकटतो, पत्र्याला भोक पडतं आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. मिस्त्री दुष्ट नसतो. त्याला चूक परवडत नसते.

भासाच्या जगातही चूक आधी परवडत नव्हती. तिथे पहिला फजित झाला तो दुर्योधन. मयसभेत जमिनीला पाणी समजला, पाण्याला जमीन समजला, पडला, आणि ते पडणं पुढे अठरा अक्षौहिणींना भोवलं. त्यावरचा उतारा माणसानं फार उशिरा शोधला. 1929 साली एडविन लिंक या अमेरिकेतल्या गृहस्थानं वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातल्या भात्यांच्या हवेवर हेलकावणारं एक लाकडी विमान बनवलं. शिकाऊ वैमानिक त्यात बसून चुकायचा आणि चुकून झालं की चालत जेवायला जायचा. पडणं आणि मरणं यांची अशी फारकत करणारा हा पेटीवाला मला फार मोठा शिक्षणतज्ज्ञ वाटतो.

आमच्या जिल्ह्याला तर अशा फारकतीची जास्तच गरज. दसरा-दिवाळी उलटली की इथली हजारो कुटुंबं ऊस तोडायला बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल आधीच घेतलेली असते आणि ती टनांनी फेडायची असते. अंगात ताप असला तरी खाडा पडला की मुकादम तो पैशात कापतो. अशा घरातली पोरं लहानपणापासून जपून वागायला शिकतात. प्रश्न येत असला तरी हात अर्धाच वर करतात. तोच पोरगा हेडसेट घालून सलग चार टाके बिघडवतो, रॉड चिकटवतो आणि खदखदून हसतो, तेव्हा मागे कॉलर धरलेले सरही नकळत हसत असतात.

अनुदान खर्ची पडलं की मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं: नग किती, रक्कम किती, सही, शिक्का. माझं मागणं एवढंच, की त्यात एक रकाना वाढवावा: यंदा मुलांनी किती टाके बिघडवले. आकडा जितका मोठा, तितकी पुढच्या वर्षीची रक्कम जास्त. ऑडिटवाले हरकत घेतीलच. घेऊ द्यावी. फक्त त्याआधी हेडसेट चढवून त्यांनीही एक टाका मारून पाहावा. पहिलाच नीट बसला, तर आक्षेप मान्य.