संच क्रमांक 92

आमचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघाला. म्हणजे तो माझ्या लग्नापेक्षा लहान. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव महाराज, वसमतची हळद आणि हिंगोलीचा दसरा ही आमची मिळकत. राजवाडा नाही. राजा होता, पण तो हैदराबादेत बसायचा आणि सारा तेवढा नेमानं न्यायचा. अशा गावच्या माणसाला आपल्या घरात एखादी राजेशाही वस्तू असावी, पाहुणे आले की ती सहज म्हणून दाखवावी, अशी हौस का लागावी? बायकोच्या मते निवृत्तीच्या कागदांसोबत सरकारनं माणसाला काहीतरी कामही लिहून द्यायला पाहिजे.

हळदीची पट्टी हातात आली होती. विहिरीवरची मोटार जळाली होती, ती भरून आणायला म्हणून मी शेजारच्या जिल्ह्याच्या गावी गेलो. वाटेत एका मंगल कार्यालयावर जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनाचा फलक दिसला. उन्हं फार होती आणि आत कूलर चालू होता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

विक्रेत्यानं पांढरे हातमोजे घातले होते. हातमोजे घातलेला माणूस मी तोवर फक्त जनावरांच्या दवाखान्यात पाहिला होता, त्यामुळे आधी जरा बिचकलो. त्यानं जांभळ्या मखमलीची पेटी उघडली. आत सहा खाचा, सहा नाणी: रुपया, अधेली, पावली, चवली, एक चौकोनी आणा आणि मधोमध भोक असलेली दोन पै. शेजारी इंग्रजीतलं प्रमाणपत्र, त्यावर सोनेरी शिक्का. सातवे निजाम मीर उस्मान अली खान 1911 साली गादीवर बसले त्या प्रसंगाचा हा खास संच, राजघराण्याच्या खासगी संग्रहातून थेट, असा मजकूर. मग त्यानं आवाज खाली आणून जहांगीर बादशहाच्या मोहरेची गोष्ट सांगितली. 1613 सालची, हजार तोळ्यांची, जवळजवळ बारा किलो सोन्याची मोहर निजामाच्या घराण्याकडे आली, 1987 साली जिनिव्हाच्या लिलावात निघाली, मागोमाग सीबीआयची चौकशी लागली, आणि मोहर काही हाती आली नाही. गोष्ट खरीच आहे. बारा किलोची मोहर ज्यांच्याकडून सुटली त्यांच्याकडून दोन पै मात्र मखमलीत जपून माझ्यापर्यंत कशी पोचली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"आणि हे बघा," तो म्हणाला. चांदीच्या नाण्यांवर चारमिनार होता आणि मिनारांच्या वर बारीक उर्दू आकडे. "ब्याण्णव. असे मोजकेच संच काढले होते. हा संच क्रमांक 92."

साडेअठरा हजार. मोटार जळालेलीच राहिली.

पुढचे काही दिवस मी कसा वागलो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. चहाला "नोश फर्माइए" म्हणू लागलो. वाचनालयात "आसफजाही नाणी आणि मी" या विषयावर बोलण्याची तयारी दाखवली. त्यांनी फक्त पहिल्या अर्ध्यावर बोलाल का, असं विचारलं. कळस म्हणजे 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला, मी ती पेटी घेऊन गेलो. माझ्या चुलत आजोबांनी रझाकारांच्या काळात भूमिगतांना रात्री भाकरी पोचवल्या होत्या. त्यांचा नातू निजाम उलथल्याच्या दिवशी निजामाच्या राज्यारोहणाचा संच काखेत मारून "मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा विजय असो" म्हणत उभा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पेटीत डोकावून विचारलं, "काय वं, परत येतोय का तो?"

शेवटी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडे गेलो, कौतुक करून घ्यायला. गुरुजींनी हातमोजे मागितले नाहीत. धोतराच्या सोग्यानं भिंग पुसलं आणि रुपया उचलला.

"हा कुणाचा सांगितलास?"

"सातव्या निजामाचा."

"दरवाजात बघ. उस्मान अलीचा असता तर तिथं ऐन असतं. हे मीम आहे. मीम म्हणजे महबूब अली. वडिलांचा रुपया आहे हा, 1325 हिजरीचा." मग चौकोनी आणा उलटा केला. "हा 1362 चा. म्हणजे 1943. गादीवर बसले 1911 ला. बत्तीस वर्षांनंतरचा आणा सरकारांना त्या दिवशीच मिळाला? मोठी माणसं, बाबा!"

मी शेवटचा बुरूज लढवला. "पण गुरुजी, संच क्रमांक 92?"

गुरुजी इतके हसले की घरातून कुणीतरी पाणी घेऊन आलं. मग बोटांवर मोजत त्यांनी हिशेब मांडला: मीमचे 40, हेचे 8, पुन्हा मीमचे 40, दालचे 4. अक्षरांची ही बेरीज म्हणजे मुहम्मद हे नाव. निजामाच्या लाखो नाण्यांवर हाच आकडा. "तुझ्या हिशेबानं आख्खं हैदराबाद संस्थान ब्याण्णव नंबरवर राहत होतं."

नाणी मात्र अस्सल निघाली. तीच तर गंमत. हा हाली सिक्का आमच्याकडे घरोघर होता. शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, घ्यायचे तर हालीचे 116 रुपये 10 आणे 8 पै मोजावे लागत. आमच्या आजोबांच्या पिढीचं गणित या एकाच उदाहरणावर पक्कं झालेलं. 1959 साली हालीचं चलन कायद्यानं संपलं, तेव्हा आजीनं चंचीतले रुपये सोनाराकडे दिले. रुपयात सुमारे 82 टक्के चांदी, त्यामुळे आत्याच्या लग्नात पैंजण झाले. उरलेल्या भोकाच्या दोन पै आम्ही भावंडांनी मीटरगेजच्या रुळावर ठेवून अकोल्याच्या गाडीखाली चपट्या केल्या. राजघराण्याच्या खासगी संग्रहाचा काही भाग त्या रुळांच्या खडीत अजून सापडेल.

"मग मी पैसे कशाचे दिले?"

"पेटीचे," गुरुजी म्हणाले. आणि लगेच त्यांना उस्मान अलींची आठवण झाली. 1965 साली निजामानं संरक्षणासाठीच्या सुवर्णरोख्यांत सोनं गुंतवलं. लोक त्याला पाच हजार किलोचं दान करून टाकतात. प्रत्यक्षात ते 425 किलो होतं आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज होतं. सोनं रवाना होताना, असं सांगतात, निजाम म्हणाले की सोनं न्या, पेट्या तेवढ्या परत पाठवा. "त्यांना पेटीची किंमत कळत होती," गुरुजी म्हणाले. "तुलाही कळली. फक्त तू उलट्या बाजूनं आलास."

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. खिशातली चिल्लर काढ म्हणाले. एका पाच रुपयांवर सालाखाली बारीक चांदणी होती. ती हैदराबादच्या टाकसाळीची खूण. टाकसाळ निजामाची, 1950 साली भारत सरकारकडे आली, पुढे सैफाबादेतून चेर्लापल्लीला गेली. मुंबईच्या नाण्यावर चौकट असते, नोएडाच्या ठिपका, कलकत्त्याच्या काहीच नाही. "राजघराण्याचा वारसाच पाहिजे ना? घे. पाच रुपयांना पाच रुपये."

तिथून सरळ बसस्थानकासमोरच्या टपरीवर गेलो. पन्नासची नोट पुढे केली आणि सुटे पाच-पाचचे मागितले, पण चांदणीवालेच. टपरीवाल्यानं आधी माझ्याकडे, मग गल्ल्याकडे पाहिलं. एक नाणं उजेडात धरून त्यानं ती चांदणी नीट न्याहाळली.

"निवडून घ्या काका," तो म्हणाला. "पण एकेक सहा रुपयांना पडंल."

मी घासाघीस करून साडेपाचवर आणलं.