क्वालिटीवाल्याचे चिरंजीव शिबिराला जातात

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील ‘क्वालिटीवाला बाप’, म्हणजे कंपनीच्या गुणवत्ता विभागात काम करणारा बाप, वाचकांच्या परिचयाचा असल्याने त्याचे वर्णन थेट ऐन हंगामापासून, म्हणजे मुलाला मे महिन्यात आठवडाभराच्या निवासी शिबिराला धाडण्याच्या तयारीपासून करणे सोयीचे ठरते. ही तयारी गुरुवारी होते, कारण भोसरीच्या एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते. प्रथम पलंगावर ‘फाइव्ह एस’ लागू होते. निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण आणि शिस्त अशा पाच पायऱ्यांची ही जपानी व्यवस्था असून, तीत अनावश्यक वस्तूवर चिकटवायचा ‘रेड टॅग’ आजीच्या बेसनलाडवांच्या डब्यावर लागतो आणि आजी तो शांतपणे काढून टाकते.

परंतु त्याची खरी भक्ती ‘पाच का’ या पद्धतीवर असते. टोयोटाचे ताइची ओनो यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत दोष सापडताच लागोपाठ पाचदा ‘का?’ विचारून मूळ कारण गाठायचे असते. मोजा एकच आहे, का? दुसरा हरवला. का? मैदानावर काढला होता. का? आत खडा गेला होता. चौथ्या ‘का’ला मुलगा रडकुंडीला येतो आणि पाचव्याच्या आत पत्नी नवे मोजे आणून मूळ कारणासकट विषय मिटवते. भीमाशंकरकडे जाणारी बस रखडू शकेल, असे संयोजक सांगतात, का? चाकणच्या तळेगाव चौकात कोंडी असते. का? याचे उत्तर त्याला इतकी वर्षे कंपनीच्या बसमध्ये बसूनही मिळालेले नसते.

आदल्या रात्री तो तिसऱ्यांदा बॅग उघडतो, तेव्हा पत्नी हेच शस्त्र त्याच्यावर चालवते. का उघडली? बॅटरी पाहायला. का? तिथे अंधार असेल. का, दिवे नाहीत? आहेत, पण तो झोपेत दचकतो. मग पाठवता का? यावर तो गप्प बसतो, कारण अठराव्या वर्षी लातूरकडून एक पत्र्याची ट्रंक घेऊन तो भोसरीत ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीऐवजी केवळ खाट भाड्याने घेऊन, अ‍ॅप्रेंटिस म्हणून राहिला, तेव्हा ती ट्रंक भरून द्यायला किंवा तपासायला कोणी नव्हते आणि दचकून उठल्यावर बॅटरीही नव्हती. मुलाने एकटे राहायला शिकावे, पण तसे नव्हे, एवढेच त्याचे म्हणणे असते आणि ते कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

तेव्हा शिबिर चालवणाऱ्यांना विनंती एवढीच, की मुलगा पोचल्याचा निरोप वेळेवर द्यावा. उशीर झाल्यास कारणे पाच द्यावी लागतील.