समुद्रसपाटीपासून

आमच्या इमारतीतले काका मूळचे भंडारदऱ्याकडचे. घराच्या ओट्यावरून कळसूबाई दिसायची म्हणे. पण उमेदीची तीस वर्षं तिकडे काढून एकदाही चढले नाहीत. "डोंगर काय पळून जातोय?" असं म्हणता म्हणता स्वतःच कुवेतला आले, आणि मंगफच्या सपाट जमिनीवर पाय ठेवताच त्यांच्या अंगात गिर्यारोहक संचारला.

आता इथे डोंगर आणायचा कुठून? या देशातली सगळ्यात उंच जागा पार पश्चिमेच्या वाळवंटात, तीही तीनशे मीटरच्या आसपास. उत्तरेला मुत्ला नावाची टेकड्यांची रांग आहे. पण उंची जेमतेम दीडशे मीटर, आणि नाव मराठी मंडळींत चारचौघांत घ्यायची सोय नाही.

मग काकांनी इमारतच चढायला घेतली. आठ मजले, मजल्याला तीन मीटर, म्हणजे गच्ची चोवीस मीटरवर. कळसूबाई १६४६ मीटर. "लोक बारी गावापर्यंत गाडीनं जातात आणि तिथून चढायला लागतात. अर्धा डोंगर गाडीनं चढलेला असतो हो! आपण समुद्रसपाटीपासून." समुद्र खरोखरच चार गल्ल्या पलीकडे असल्यामुळे बोलायची सोय नव्हती.

आल्या वाटेनं उतरणं त्यांना नामंजूर. पुढचा जिना ही बारीची वाट, मागचा जिना ही इंदोऱ्याची. मधल्या गच्चीच्या दाराची किल्ली हारिसकडून, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडून, मिळवायला दोन महिने चहा पाजावा लागला. सातव्या मजल्यावर पाण्याची बाटली, ती 'शिखराखालची विहीर'. उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम करायला सरकारचीच बंदी; म्हणून मोहीम शुक्रवारी संध्याकाळी, कपाळाला हेडलाइट बांधून. जिन्यात ट्यूबलाइट लख्ख असायची, ती गोष्ट वेगळी.

हिशेब असा, की अडुसष्ट फेऱ्या झाल्यावर चौदा मीटर उरतात. म्हणजे कळसूबाईचं शिखर पाचव्या मजल्याच्या सहा पायऱ्या खाली येतं. पाचव्या मजल्यावर राहतो मी. आमचा चपलांचा स्टँड दाराबाहेर. त्यात न मावलेले जोडे बरोबर सहा पायऱ्या खाली ओघळलेले. चौथ्या शुक्रवारी रात्री दार उघडलं, तर माझ्या बुटांशेजारी काका घामानं निथळत उभे, एका हातात भगवी पताका, दुसऱ्या हातात नारळ. "महाराष्ट्रात याच्या वर काही नाही," ते म्हणाले. वर आमच्या हिची चप्पल होती.

डोंगराला नसलेला एक त्रास मात्र या मोहिमेला होता. मागच्या जिन्यात लोकांनी खोकी, गाद्या, मोडक्या सायकली रचल्या होत्या. काका दारोदार भांडत. "इंदोऱ्याची वाट बुजवलीत तुम्ही!" लोक हसत. हारिस तर काका वळणावर दिसताच लिफ्टमध्ये शिरे.

मग १२ जून २०२४ उजाडला. मंगफमध्येच कामगारांच्या एका इमारतीला पहाटे आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय गेले, बरेचसे धुरात गुदमरून. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत कुणी मोठ्यानं बोललं नाही. मागच्या जिन्यातून मात्र रात्रभर खोकी उतरत होती, आणि उतरवणाऱ्यांत सगळ्यात पुढे हारिस. हेडलाइट बांधून काका वळणावर उभे होते. एरवी शब्दाला शब्द वाढवणारे काका त्या रात्री "सांभाळून, पायरी आहे," एवढंच म्हणत राहिले.

मीही आमचा चपलांचा स्टँड उचलून घरात घेतला. जिना वरपासून खालपर्यंत मोकळा झाला.

दोन शुक्रवार मोहीम बंद होती. तिसऱ्या शुक्रवारी बेल वाजली. दारात काका, घामाघूम, हातात पताका आणि चेहऱ्यावर वाट चुकलेल्याचा भाव.

"अहो, तुमचे बूट कुठे गेले? मी सरळ गच्चीपर्यंत जाऊन आलो की! शिखराची खूण नको का काही?"

आता दर चौथ्या शुक्रवारी मी दारात उभा असतो. काका सहाव्या पायरीवर आले, की "आलं, काका" म्हणतो.